एक पत्ता, अनेक बिऱ्हाडे

मुलांनो, आपल्या महाराष्ट्रात जळकोट नावाची दोन गावे आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? एक आमचे, लातूर जिल्ह्यातील, तालुक्याचे ठिकाण असलेले जळकोट. आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील. एखाद्याने पाकिटावर नुसते 'जळकोट' एवढेच लिहून पत्र पेटीत टाकले, तर आमचे पत्र तिकडे आणि तिकडचे पत्र आमच्याकडे, असा घोटाळा सहज व्हायचा. असे घोटाळे टळावेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोडाची पद्धत सुरू झाली. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे जाणकार अधिकारी तर होतेच, पण संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. सहा अंकांची ती लहानशी संख्या गावांच्या नावांतील सारा गोंधळ दूर करते. पत्त्याचा पहिला नियमच असा आहे की, त्याने एकच ठिकाण दाखवावे, दोन नव्हेत.

परंतु आज मी तुम्हांला ह्याच्या अगदी उलट गोष्ट सांगणार आहे. ज्यांचे पत्ते हुबेहूब एकसारखे आहेत असे असंख्य संगणक आज जगात आहेत. जळकोटच्या एका कार्यालयातील संगणकाचा जो पत्ता, तोच नागपूरच्या एखाद्या दुकानातील संगणकाचा, आणि तोच दूर लंडनमधील एखाद्या मराठी कुटुंबाच्या घरातील संगणकाचा! तरीही कोणाचे पत्र कोणाकडे जात नाही. ही किमया होते कशी, ते आपण पाहू.

इंटरनेटवर एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात, आणि प्रत्येक तुकडा जणू स्वतंत्र पाकिटात घालून पाठविला जातो. त्या पाकिटावर दोन पत्ते असतात : ज्याला पोहोचवायचे त्याचा आणि पाठविणाऱ्याचा. हे पत्ते अक्षरांत नसून आकड्यांत असतात. ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या, अशा चार संख्या, मध्ये टिंबे देऊन लिहिल्या की एक पत्ता झाला. उदाहरणार्थ, २०३.०.११३.७. ही रीत १९८१ साली ठरली. असे एकंदर पत्ते किती होतील? तुम्ही गणित करून पाहा. २५६ ला २५६ ने तीन वेळा गुणले की ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते. म्हणजे सुमारे चारशे एकोणतीस कोटी. ही पद्धत ठरली तेव्हा संगणक आजच्या मानाने फारच थोडे होते. त्या काळी हा साठा कधी संपेल, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

पण काळ भराभर बदलला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली. इतर देशांतही हेच चालले होते. संगणक कार्यालयांत आले, मग घरांत आले, आणि पुढे मोबाईलच्या रूपाने खिशांतही जाऊन बसले. पृथ्वीवर माणसेच आज आठशे कोटींवर आहेत. मग चारशे एकोणतीस कोटी पत्ते पुरणार तरी कसे? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटून झाले आणि भांडार रिकामे पडले.

सुदैवाने, हा दिवस येणार हे काही दूरदृष्टीच्या माणसांनी आधीच ओळखले होते. शेल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी मे १९९४ मध्ये एक युक्ती लिहून प्रसिद्ध केली. तिला 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन', किंवा थोडक्यात 'नॅट', असे म्हणतात. आपण तिला पत्त्यांचे रूपांतर म्हणू. ही युक्ती समजण्यासाठी क्षणभर आपण संगणक बाजूला ठेवू आणि एका जुन्या वाड्यात जाऊ.

मराठवाड्यातील जुने वाडे तुम्ही पाहिले असतील. भक्कम दरवाजा, आत शिरताच ढाळज, पुढे चौक, आणि चौकाभोवती खोल्या. समजा, अशा एका वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात. टपालवाल्याला फक्त वाडा ठाऊक आहे. आत माडी कोठे आणि माजघर कोठे, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ढाळजेत एक दिवाणजी वही घेऊन बसलेले असतात. माडीवरच्या दाजींनी लातूरच्या एका पुस्तकविक्रेत्याला पत्र लिहिले आणि पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून 'माडी' एवढेच घातले. आता 'माडी' हा पत्ता वाड्याच्या आत चालतो. लातूरला तो कोण ओळखणार? म्हणून दिवाणजी तो शब्द खोडून तेथे वाड्याचा पत्ता लिहितात व पुढे 'क्रमांक १७' अशी खूण करतात. लगेच आपल्या वहीत टिपून ठेवतात : 'खूण १७, माडीवरचे दाजी, पत्र लातूरच्या पुस्तकविक्रेत्यास.' चार दिवसांनी उत्तर येते. त्यावर वाड्याचा पत्ता आणि क्रमांक १७ असतो. दिवाणजी वही उघडतात, खूण पाहतात, आणि पत्र थेट माडीवर पोहोचते करतात.

माजघरातील काकूंनीही त्याच दिवशी त्याच पुस्तकविक्रेत्याला पत्र घातले असेल तर? तरीही गोंधळ नाही. त्यांची खूण १८. बाहेरच्या जगाला दोन्ही पत्रे एकाच वाड्यातून आलेली दिसतात. कोणते कोणाचे, हे एकट्या दिवाणजींनाच ठाऊक!

मुलांनो, कार्यालयात भिंतीवर किंवा टेबलावर जी लहानशी पेटी असते, जिच्यावरील हिरवे दिवे सारखे लुकलुकत असतात, तो राऊटर म्हणजेच हे दिवाणजी होत. वाड्याचा पत्ता म्हणजे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने कार्यालयाला दिलेला एकुलता एक बाहेरचा पत्ता. माडी, माजघर, परसदार हे आतले पत्ते. आणि खुणेचा क्रमांक म्हणजे ज्याला 'पोर्ट' म्हणतात तो. हे पोर्ट-क्रमांक ० ते ६५,५३५ पर्यंत असतात, म्हणून एकाच बाहेरच्या पत्त्यावर कितीतरी संभाषणे एकाच वेळी चालू शकतात.

आतले पत्ते मनाला येतील ते मात्र घ्यायचे नसतात. त्यासाठी १९९६ साली तीन गट कायमचे राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, असे हे तीन गट होत. गायरान जसे एकाच्या मालकीचे नसून गावातील सर्वांना वापरता येते, तसे हे गट कोणीही आपल्या घरात वापरावेत. मात्र त्या पत्त्यांवर बाहेरच्या इंटरनेटवर टपाल जात नाही. म्हणूनच जळकोटच्या आणि नागपूरच्या संगणकांचा आतला पत्ता एकच असला, तरी काही बिघडत नाही. दोन वाड्यांत दोन 'माड्या' असल्या म्हणून काय झाले?

आता हे दिवाणजी कामावर कसे बसवायचे, ते सांगतो. आमच्या गावात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने लहानसे सेवा केंद्र काढले. जागा म्हणजे एक खोली. पाच संगणक आणि एक प्रिंटर. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, परीक्षांचे अर्ज, अशी कामे घेऊन लोक तेथे येतात. केंद्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हांला व्याकरण शिकवलंत, आज मी तुम्हांला राऊटर शिकवते. या ना बघायला!" मी मोठ्या आनंदाने गेलो.

तिने प्रथम राऊटर उलटा करून पाठीमागची छिद्रे दाखविली. त्यांतील एक छिद्र इतरांहून वेगळ्या रंगाचे होते. ते बाहेरच्या तारेसाठी. त्याला 'वॅन' म्हणतात. बाकीची चार आतल्या संगणकांसाठी, ती 'लॅन'. बाहेरून आलेली तार चुकून आतल्या छिद्रात घातली, तर दिवाणजी ढाळज सोडून चौकात जाऊन बसल्यासारखे होते! मग बाहेर कोण आणि आत कोण हेच ठरत नाही आणि पत्त्यांचे रूपांतर होत नाही. "पाच संगणक, प्रिंटर आणि छिद्रे चारच, मग कसे?" असे मी विचारले. "दोन संगणक आणि प्रिंटर बिनतारी जोडायचे," ती म्हणाली.

तारा जोडून झाल्यावर तिने एका संगणकावर राऊटरचा स्वतःचा आतला पत्ता टाकला : १९२.१६८.१.१. पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात, एवढाच फरक. हा पत्ता बहुधा राऊटरच्या तळाला चिकटविलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पडद्यावर नाव आणि संकेतशब्द विचारणारी चौकट आली. आत शिरताच तिने पहिले काम कोणते केले असेल? कारखान्यातून आलेला संकेतशब्द बदलला. "नवं कुलूप आणलं, आणि त्याची किल्ली गावात सर्वांकडे आहे, असं कसं चालेल, गुरुजी?" ती म्हणाली.

दुसरे काम बाहेरच्या बाजूचे. बाहेरचा पत्ता राऊटरला कसा मिळणार, हे येथे सांगावे लागते. काही कंपन्या तो आपोआप देतात. काही कंपन्या ग्राहकाचे नाव आणि संकेतशब्द घेऊन देतात. काही ठिकाणी एकच कायमचा पत्ता ठरवून दिलेला असतो आणि तो हाताने भरायचा असतो. कोणती रीत आहे, हे कंपनीला विचारूनच भरावे. येथे अंदाज कामाचा नाही.

तिसरे काम आतल्या बाजूचे. राऊटर आतल्या संगणकांना आपण होऊन पत्ते वाटतो. ह्या सोयीला 'डीएचसीपी' म्हणतात. तिने १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.१४९ पर्यंतचे पन्नास पत्ते वाटपासाठी ठेवले. प्रिंटरला मात्र १९२.१६८.१.२० हा कायमचा पत्ता दिला, आणि तो मुद्दाम वाटपाच्या पत्त्यांबाहेरचा निवडला. कारण प्रिंटर रोज नव्या पत्त्यावर राहू लागला, तर संगणकांनी त्याला शोधावे कोठे? शिवाय, बाहेरून आलेल्या जाळ्याचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होत नाहीत ना, हे तिने पाहून घेतले. तसे असते तर आतला गट बदलून १९२.१६८.५ असा काही ठेवावा लागला असता. कारण आतले व बाहेरचे जाळे एकाच गटातील असले, तर पत्र आत ठेवायचे की बाहेर पाठवायचे हे राऊटरला कळत नाही.

चौथे काम खुद्द नॅट सुरू आहे की नाही हे पाहण्याचे. लहान राऊटरमध्ये ते बहुधा सुरूच असते. मोठ्या कार्यालयांच्या राऊटरमध्ये मात्र तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात : आतली बाजू कोणती, बाहेरची बाजू कोणती, आणि आतल्या कोणत्या पत्त्यांचे रूपांतर करायचे. शेवटी केलेले सर्व बदल जतन केले, आणि परीक्षा घेतली. आपला बाहेरचा पत्ता दाखविणारे एक संकेतस्थळ तिने दोन संगणकांवर उघडले. दोन्हींवर एकच पत्ता दिसला. "झालं, गुरुजी! दिवाणजी कामाला लागले," असे मीच तिला म्हणालो, कारण वाड्याची उपमा तोपर्यंत माझ्या मनात तयार झाली होती.

राऊटरच्या वहीत तेव्हा काय लिहिले गेले असेल? समजा, १९२.१६८.१.१०१ ह्या संगणकाने आपल्या ५१००० ह्या पोर्टवरून एक पृष्ठ मागविले. राऊटरने पाकिटावरील तो पत्ता बदलून तेथे २०३.०.११३.७ हा बाहेरचा पत्ता व ४०००१ हा पोर्ट घातला, आणि ही जोडी टिपून ठेवली. उत्तर ४०००१ वर आले की ते १०१ च्या संगणकाकडे. त्याच वेळी १०२ च्या संगणकाने काही मागविले, तर त्याला ४०००२. संभाषण संपून काही वेळ गेला की राऊटर ती ओळ पुसून टाकतो. हे सारे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. आणि वहीत ज्याची नोंदच नाही असे पाकीट बाहेरून आले, तर? ते कोणाला द्यायचे हे ठाऊक नसल्याने राऊटर ते टाकून देतो.

परंतु मुलांनो, एका पत्त्यावर अनेकांनी राहण्यात सोय आहे तशी जबाबदारीही आहे. ती मला एका संध्याकाळी फार जवळून दिसली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. जवळच्या वाडीवरून एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर केंद्रावर आली होती. वडील मोलमजुरी करणारे. त्या दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. अर्जाचे संकेतस्थळ मात्र उघडेना. बाकी सर्व संकेतस्थळे उघडत होती. हे एकच नाही. पाचही संगणकांवर तोच प्रकार. मुलीचा चेहरा उतरला. वडील एका कोपऱ्यात हात जोडल्यासारखे उभे होते; त्यांना वाटले, आपल्याच कागदांत काही उणे असेल.

माझ्या विद्यार्थिनीने थोडा विचार केला आणि मग सर्वांना विचारले, "आज ह्या संकेतस्थळावर कोणी पुन्हा पुन्हा चुकीचा संकेतशब्द टाकला का?" खोलीत शांतता पसरली. काही वेळाने एक मोठा मुलगा उभा राहिला. मित्राची गंमत करावी म्हणून त्याने त्याच्या नावापुढे निरनिराळे संकेतशब्द घालून पाहिले होते. एकदा नव्हे, वीस-पंचवीस वेळा. संकेतस्थळाने त्यात चोराची चाहूल ओळखली आणि तो पत्ता बंद केला. पण त्याला दिसत होता तो पत्ता वाड्याचा, माडीचा नव्हे! म्हणून अपराध एकाचा, आणि दार बंद झाले सर्वांना.

ह्यावर उपायही नॅटच्या ज्ञानातूनच निघाला. तिने आपल्या मोबाईलचे इंटरनेट एका संगणकाला जोडले. मोबाईलचा बाहेरचा पत्ता निराळा. त्यामुळे संकेतस्थळ तत्काळ उघडले. सायंकाळी सातच्या सुमारास त्या मुलीचा अर्ज भरून झाला. ज्याच्या हातून चूक झाली होती, त्या मुलानेच तिची कागदपत्रे एकेक करून संगणकात चढवून दिली. त्याला कोणी रागावले नाही. रागावण्याची गरजही उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कधी कधी बाहेरच्यालाही आत येऊ द्यावे लागते. एखाद्या दुकानदाराला आपल्या दुकानातील कॅमेरा घरून पाहायचा असतो. अशा वेळी राऊटरला सांगता येते की, 'अमुक पोर्टवर जे येईल ते वहीत नोंद नसली तरी कॅमेऱ्याकडे पाठव.' ह्याला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात. वाड्याच्या भिंतीला पाडलेली ही एक दिंडीच होय. ह्या दिंडीतून मालक येतो तसा चोरही येऊ शकतो. म्हणून गरज असेल तरच ती ठेवावी, कॅमेऱ्याला स्वतःचा चांगला संकेतशब्द द्यावा, आणि गरज सरताच दिंडी बुजवून टाकावी. नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असेही कोणी समजू नये. दिवाणजी पत्त्यांचे काम करतात. पाकिटातील मजकूर खरा की खोटा, हे ते पाहत नाहीत. आपणच मागविलेल्या पाकिटातून विंचू निघाला, तर त्यात त्यांचा काय दोष?

पत्त्यांच्या टंचाईवर कायमचा उपायही निघाला आहे. ६ जून २०१२ पासून जगातील अनेक मोठ्या कंपन्यांनी नव्या, पुष्कळ लांब पत्त्यांची पद्धत कायमची सुरू केली. तिला 'आयपी-व्ही-सिक्स' म्हणतात. तिच्यातील पत्त्यांची संख्या लिहायची झाली, तर एकोणचाळीस अंक लागतात! प्रत्येक यंत्राला स्वतःचा स्वतंत्र पत्ता देऊनही ते संपणार नाहीत. नवी आणि जुनी, अशा दोन्ही पद्धती आज शेजारी शेजारी चालू आहेत, आणि जुन्या पद्धतीचे दिवाणजी अजूनही असंख्य घरांच्या ढाळजेत बसून आपली वही लिहीत आहेत.

तुमच्या शाळेत किंवा घरात लुकलुकणाऱ्या दिव्यांची ती पेटी दिसली, तर थोडा वेळ तिच्याकडे पाहा. तुम्ही मागविलेले प्रत्येक चित्र, प्रत्येक शब्द ती तुमच्याकडेच बिनचूक आणून देते. मात्र बाहेरच्या जगाला तुमचे एकट्याचे नाव दिसत नाही. दिसतो तो साऱ्या वाड्याचा पत्ता. त्या पत्त्याचा चांगुलपणा राखणे, हे त्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती असते.